कोरोना बॅचची उभारी

३० मे २०२१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्यातल्या जनतेशी बोलताना तीन सरपंचांची नावं घेतली. हिवरे बाजारचे पोपटराव पवार महाराष्ट्राला आधीपासून ठाऊक होते. दुसऱ्या होत्या दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या अंत्रोळीच्या कोमल करपे. तिसरे ऋतुराज देशमुख, मोहोळ तालुक्यातल्या घाटणे गावचे सरपंच, वय वर्षं एकवीस. दुसरी लाट खेड्यापाड्यांत घुसलेली असताना या गावांनी वेळेवर चाचण्या, बाधितांना वेगळं ठेवणं, लसीकरण आणि घरोघर जाऊन लोकांशी बोलणं या साध्या उपायांनी साथ आटोक्यात आणली होती. पाठोपाठ राज्याने कोरोनामुक्त गावांची स्पर्धा जाहीर केली. पन्नास, पंचवीस आणि पंधरा लाखांची बक्षिसं ठेवली. जुलैत शिक्षण विभागाने त्यापुढचं पाऊल टाकलं: ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण आढळलेला नाही, तिथे १५ जुलैपासून आठवी ते बारावीचे वर्ग भरवता येतील. एका बाकावर एक विद्यार्थी, दोन बाकांत सहा फूट अंतर, वर्गात जास्तीत जास्त पंधरा-वीस मुलं.

बक्षिसाच्या रकमेपेक्षा मला महिनाभर रुग्ण नसण्याची ही अट फार मोलाची वाटते. गावातल्या मोठ्या माणसांनी लग्नात गर्दी केली, दुखणं लपवलं, चाचणीला टाळाटाळ केली, तर त्यांच्या पोरांची शाळा उघडणार नाही, असा त्या अटीचा सरळ अर्थ होता. मुलांचं भलं मोठ्यांच्या वागण्यावर अवलंबून आहे, हे इतक्या उघडपणे कागदावर येणं आपल्याकडे विरळाच.

महासाथीत किशोरवयीन मुलांनी तग कसा धरला, हा प्रश्न आपण बहुतेकदा मुलांकडे पाहून विचारतो. हा पोरगा खंबीर, ती पोरगी हळवी, अशी विभागणी करून मोकळे होतो. पण या विषयावरचं गेल्या सत्तर वर्षांतलं संशोधन मुलाच्या अंगातल्या खंबीरपणापेक्षा त्याच्या आजूबाजूला काय होतं, याकडे जास्त बोट दाखवतं. मोहोळसारख्या तालुक्यात त्या काळात काय उपलब्ध होतं आणि काय काढून घेतलं गेलं, हे पाहिलं की ते नीट कळतं.

आधी वयाबद्दल. बारा-तेरा ते अठरा या वर्षांत मेंदूची मोठी फेरजुळणी चालू असते. भावना आणि बक्षिसाची ओढ सांभाळणारे भाग लवकर जोमात येतात, आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. झोप आणणारं मेलाटोनिन या वयात रात्री उशिरा स्रवायला लागतं, म्हणून पोरं बारा-एकपर्यंत जागतात आणि सकाळी उठता उठत नाहीत. शाळा होती तोवर सकाळच्या घंटेमुळे या घड्याळाला वेसण होती. आणि या वयात सोबत्यांचं महत्त्व आईवडिलांहून वरचढ होतं, हा काही वाह्यातपणा नाही. घराबाहेर आपली जागा शोधायची, तर सोबत्यांच्या नजरेत स्वतःला पाहायला शिकावंच लागतं. २०२० मध्ये एमी ऑर्बेन, लिव्हिया टोमोव्हा आणि सारा-जेन ब्लेकमोर या संशोधिकांनी 'लॅन्सेट'च्या बाल व किशोर आरोग्यविषयक नियतकालिकात नेमकी हीच चिंता मांडली होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांत पौगंडावस्थेतला एकांतवास मेंदूवर आणि वागण्यावर खोल परिणाम करतो असं दिसतं, माणसाच्या मुलांना आपण तशाच एकांतात बसवतो आहोत, असं त्यांचं म्हणणं. फोनवरच्या गप्पांनी त्याची धार थोडी बोथट होऊ शकते, असंही त्या म्हणाल्या.

या भीतीला पुढे आकड्यांचा आधार मिळाला. २०२१ मध्ये निकोल रसीन आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या २९ अभ्यासांतल्या ८०,८७९ मुलांची आणि किशोरांची माहिती एकत्र केली. उदासीची ठळक लक्षणं २५.२ टक्क्यांत, तर चिंतेची २०.५ टक्क्यांत आढळली. साथीआधीच्या अंदाजांच्या हे जवळपास दुप्पट होतं. हा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. प्रश्नावलीत लक्षणं दिसणं म्हणजे आजार जडणं नव्हे. आणि चारांतल्या एकाचं हे चित्र असेल, तर उरलेल्या तिघांनी कशाच्या तरी आधाराने तोल सांभाळला होता. तो आधार कोणता?

याचं सर्वांत जुनं आणि भक्कम उत्तर हवाई बेटांतल्या काउआईहून येतं. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली, जबाबदार, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात जे पुन्हा पुन्हा सापडलं, ते म्हणजे किमान एक भरवशाचं मोठं माणूस. आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कोणीही. दुसरी गोष्ट, घरात किंवा बाहेर आपल्या करण्याने कुणाला तरी उपयोग होतो असा अनुभव. पुढे अ‍ॅन मास्टन यांनी २००१ मध्ये या सगळ्याचा आढावा घेतला, तेव्हा त्यांचं निरीक्षण असं होतं की सावरण्यात अद्भुत काही नसतं. नात्यांची, शिकण्याची आणि रोजच्या व्यवहाराची नेहमीची यंत्रणा शाबूत राहिली की बहुतेक मुलं सावरतात. ती यंत्रणाच मोडली, तर मात्र खंबीर पोरालाही घसरायला वेळ लागत नाही.

आता मोहोळकडे येऊ. सीनेच्या काठचा, ज्वारी-ऊस-द्राक्ष-डाळिंबाचा हा तालुका पुणे-सोलापूर महामार्गावर आणि मुंबई-सोलापूर रेल्वेमार्गावर आहे. एरवी हे वरदान. मार्च २०२० मध्ये मात्र याच वाटेवरून पुण्या-मुंबईत कामाला गेलेली माणसं रोजगार गमावून परतली. काही गावांत झेडपीच्या शाळेच्या खोल्या विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या. म्हणजे ज्या इमारतीत मुलांनी एकमेकांना भेटायचं, तिथेच जायला बंदी. तोडणीला आलेल्या द्राक्षांना बाजारच उरला नव्हता. ज्या घरात वर्षाचा पैसा वेलीवर लोंबकळत सडला, त्या घरातल्या नववीच्या पोराच्या मनावर काय उमटलं असेल, याची कल्पना करता येते.

कल्पनेवरच थांबायचं कारण नाही, कारण याच्याशी मिळतीजुळती परिस्थिती एका समाजशास्त्रज्ञाने बारकाईने तपासलेली आहे. ग्लेन एल्डर यांनी १९२९च्या महामंदीत वाढलेल्या कॅलिफोर्नियातल्या मुलांचा अभ्यास १९७४ साली पुस्तकरूपाने मांडला. ऑकलंडची मुलं १९२०-२१ ची, म्हणजे मंदीच्या काळात किशोरवयात पोचलेली. पैशाची चणचण मुलांपर्यंत थेट पोचत नाही, ती वडिलांच्या चिडचिडीतून, आईवडिलांच्या भांडणातून, विनाकारण बसणाऱ्या धपाट्यांतून पोचते, हे एल्डर यांनी दाखवलं. पण दुसरं निरीक्षण जास्त विचार करायला लावणारं आहे. मोठी मुलं कामाला लागली. मुलगे बाहेर छोटी-मोठी कामं करू लागले, मुलींनी घर सांभाळलं. घराला आपली गरज आहे या जाणिवेने त्यांना बळ दिलं आणि प्रौढपणी त्यातली बरीच मुलं ठीक उभी राहिली. बर्कलीतली १९२८-२९ ची मुलं मंदीच्या वेळी अगदी लहान होती. त्यांना, विशेषतः मुलग्यांना, ती जास्त बाधली.

आपल्याकडे २०२० च्या उन्हाळ्यात हेच घडलं. शाळा बंद, मजूर मिळेना, मग पोरं शेतात. ठिबकच्या नळ्या पसरणं, धारा काढणं, डेअरीला दूध घालणं, भाजीची पाटी घेऊन दारोदार फिरणं. शहरी लेखांत याला सरसकट 'बालमजुरीची वाढ' म्हटलं गेलं. ती भीती खोटी नव्हती, तरी चित्र त्याहून गुंतागुंतीचं होतं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला बापाने पहिल्यांदा बाजारभाव विचारला, आडत्याशी बोलायला पाठवलं, तर त्या पोराचा कणा ताठ होतो. महासाथीत माणसाला सगळ्यात जास्त खचवतो तो हताशपणा, आपल्या हातात काहीच नाही ही भावना. काम त्यावर उतारा ठरतं.

पण एल्डर यांच्या गोष्टीचा उत्तरार्ध विसरून चालणार नाही. ऑकलंडच्या मुलांना पुढे दुसरी संधी मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सरकारने सैन्यातून परतलेल्या तरुणांच्या शिक्षणाचा खर्च उचलला आणि मंदीत शिक्षण लांबलेली कित्येक मुलं पुन्हा महाविद्यालयात गेली. कामाने बळ दिलं खरं, पण त्या बळाला पुढे वाट सापडली म्हणून ते टिकलं. मला यातून एक साधी कसोटी मिळते. मुलाचं काम शिकण्याच्या जोडीने चाललं होतं, की शिकण्याची जागा घेत होतं? सकाळी रानात आणि दुपारी मास्तरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, हे एक. दुसऱ्या शेतावर हजेरीने जायला लागलेला आणि शाळा उघडल्यावरही न परतलेला मुलगा, हे वेगळं. त्याच्या खंबीरपणाचं कौतुक करून आपण त्याची वाट बंद झाली हे झाकतो.

मुलींच्या बाबतीत ही कसोटी आणखी कठोर होते. घरकाम, धाकट्यांचा सांभाळ, आजाऱ्याची सेवा यांत मुलीचं बळ वाढतं हे खरं मानलं, तरी त्या कामाला हजेरी नसते आणि सुटीही नसते. त्यात लग्नाचं सावट. टाळेबंदीत मोजक्या माणसांत, दारात, थोडक्या खर्चात लग्न उरकता येत होतं आणि मुलगी शाळेत जात नव्हतीच. जे बाप दोन वर्षांनी करणार होते, त्यांनी तेव्हाच करून टाकलं. टाळेबंदीत बालविवाह रोखल्याच्या नोंदी राज्यभर झाल्या आणि त्यांत सोलापूर जिल्ह्याचं नाव ठळकपणे पुढे आलं. ती चिंतेची बाब, आणि एका परीने दिलाशाचीही, कारण रोखलेलं लग्न म्हणजे कुणीतरी वेळेत १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन केला होता. महाराष्ट्रात ग्रामसेवक हा गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, पण खबर त्याच्यापर्यंत पोचायला हवी. एरवी वर्गातली मुलगी आठवडाभर दिसली नाही की बाईंच्या लक्षात यायचं, मैत्रिणी बोलायच्या. शाळा बंद झाल्यावर ही नजरच उरली नाही. मुलीच्या मानसिक आरोग्याची चर्चा करताना शाळेच्या या राखणीचा उल्लेख फार कमी होतो.

मग शाळा उघडल्या. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावी, मग पुन्हा बंद, पुढे कोरोनामुक्त गावांपुरत्या, आणि ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीपासूनचे सगळे वर्ग. तोच ऑक्टोबरच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. हा संप शहरी वाचकाच्या आठवणीतून पुसला गेला असेल, पण आजूबाजूच्या गावांतून आठवीनंतर मोहोळला शिकायला येणाऱ्या मुलींच्या दृष्टीने तो टाळेबंदीचाच पुढचा भाग होता. अहिल्याबाई होळकर योजनेत त्यांना एसटीचा मोफत पास मिळतो, आणि कित्येक घरांत 'पास आहे तर जाऊ दे' एवढ्यावरच मुलीचं शिक्षण टिकलेलं असतं. खासगी जीपला रोजचे पैसे द्यायचे, त्यात पोरीने एकटीने बसायचं, हे किती घरांना पटणार होतं? संपकऱ्यांच्या मागण्यांना त्यांचं न्याय्य स्थान होतंच. मी सांगतो आहे ते एवढंच, की किशोरवयीन मुलीच्या मनाची उभारी ही सहाची एसटी येते की नाही यावरही ठरत असते.

फोनचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर भरपूर लिहून झालं आहे. 'असर' या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२० च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता, २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ होतं. पण घरी फोन असणं आणि मुलीच्या हाती तो असणं यांत अंतर आहे. फोन वडिलांबरोबर रानात जायचा आणि संध्याकाळी परत आला की भावाचा गेम. ज्यांच्या हाती तो दिवसभर राहिला त्यांचे वेगळे प्रश्न झाले. सोलापूर शहरात नीलमनगर भागातल्या शिक्षकांनी फोनच्या टंचाईवर सुंदर उपाय काढला. कामगार वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, येता-जाता मुलांनी वाचावेत म्हणून. शिकणं किती झालं हा भाग वेगळा, पण आपल्या गल्लीत मास्तर आले, आपल्यासाठी भिंत रंगवली, हे मुलांना दिसलं. काउआईतल्या त्या एका भरवशाच्या माणसाची ही सामूहिक आवृत्तीच म्हणायची.

या सगळ्यात ज्या जखमेकडे फारसं कुणी पाहिलं नाही, ती परीक्षेची. २०२० च्या दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता, तो रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीने गुण दिले गेले. २०२१ ची दहावीची परीक्षाच रद्द झाली. निकालाचं सूत्र ठरलं ते असं: नववीच्या गुणांवरून पन्नास, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे तीस, तोंडी-प्रात्यक्षिकाचे वीस. आता त्या मुलांच्या जागी उभं राहून पाहा. त्यांची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही एप्रिल २०२० मध्ये रद्द झालेली. म्हणजे निकालाचा निम्मा भाग अशा वर्षावर ठरला, जे अर्धवट राहिलं होतं आणि ज्याचे गुण दहावीत धरले जातील हे तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. पुढे अकरावीसाठी जाहीर झालेली सामायिक परीक्षाही उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली.

नाइलाज होता, हे मान्य. पण त्यानंतर जे झालं त्याला साथ जबाबदार नव्हती. 'कोरोना बॅच', 'फुकटात पास', हे शब्द त्या मुलांना घरच्या समारंभांत, कॉलेजात, पुढे नोकरीच्या दारात ऐकावे लागले. ज्या वयात आपण कोण, आपल्याला काय जमतं याची मोजणी मन सतत करत असतं, त्या वयात त्यांच्या हातातला मोजमापाचा एकमेव सर्वमान्य दाखला खोटा ठरवला गेला. खरोखर अभ्यास केलेल्या मुलीचे ९४ टक्केही संशयास्पद झाले. मोठ्यांनी सहज केलेला विनोद होता तो. परिणाम सहज नव्हता. मला वाटतं, या मुलांना औषधापेक्षा, भाषणापेक्षा जास्त गरज होती ती कुणीतरी स्पष्ट सांगण्याची की तुम्ही जे केलंत ते खरं होतं. घरात माणसं गेलेली असताना, एका फोनवर तीन भावंडांनी वाटून केलेला अभ्यास नेहमीच्या वर्षीच्या अभ्यासापेक्षा अवघड असतो.

मदत मागण्याचं काय? युनिसेफ आणि गॅलप यांच्या २०२१ च्या पाहणीत मानसिक त्रास असेल तर दुसऱ्याचा आधार घेणं चांगलं, असं मानणारे १५ ते २४ वयाचे तरुण भारतात ४१ टक्के निघाले. पाहणीतल्या २१ देशांची सरासरी ८३ होती. मुलं बोलत नाहीत, ती अशी. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी 'टेलिमानस' सेवेचा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी 'मैत्री' क्लिनिक चालतात. पण तालुक्याच्या गावात दवाखान्याच्या त्या दारात उभं राहिलेलं कुणी पाहिलं तर, ही भीती क्रमांक छापून जात नाही.

म्हणून बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला एक प्रयोग मला फार आश्वासक वाटतो. सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि गोव्यात मूळ असलेल्या 'संगत' संस्थेतल्या सहकाऱ्यांनी तिथल्या माध्यमिक शाळांत 'सेहेर' नावाचा कार्यक्रम राबवला. काही शाळांत तो शिक्षकांकडे दिला. काहींत त्यासाठी प्रशिक्षण दिलेली, पदवीने मानसोपचारतज्ज्ञ नसलेली स्थानिक माणसं पूर्णवेळ नेमली. भित्तिपत्र, तक्रारपेटी, गटचर्चा, छेडछाडीविरुद्ध नियम आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्याने बोलणं, असं त्याचं स्वरूप. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. समुपदेशक असलेल्या शाळांतलं वातावरण सुधारलं, उदासी आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांकडे दिलेल्या शाळांत मात्र फरक दिसला नाही. शिक्षक वाईट होते म्हणून नव्हे, हे मला आवर्जून म्हणायचं आहे. ज्याच्या डोक्यावर अभ्यासक्रम, जनगणना, निवडणूक आणि पोषण आहाराच्या नोंदी आहेत, त्याच्याकडून हेही निभावेल अशी अपेक्षाच चुकीची. महाराष्ट्रातल्या तालुक्यांत शिकून घरी बसलेले पदवीधर तरुण-तरुणी कमी नाहीत. एका हायस्कुलाला असा एक माणूस, हा खर्च फार मोठा नाही.

हे तातडीचं आहे, कारण शाळा पुन्हा बंद पडण्यासाठी विषाणूचीच गरज नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्ग बंद ठेवावा लागला आणि नदीकाठच्या गावांतल्या लोकांना घरं सोडावी लागली. दप्तरं भिजली, उभं पीक गेलं, बापाची चिडचिड पुन्हा सुरू. ग्रामपंचायतीच्या आपत्ती आराखड्यात होड्या, निवारा, धान्य यांच्या नोंदी असतात. त्यात आणखी एक पान जोडता येईल: गावात तेरा ते अठरा वयाची मुलं किती, कोणाच्या हाती फोन नाही, कोणती मुलगी एसटीवर अवलंबून आहे, कोणाच्या घरात लग्नाची बोलणी चालू आहेत, आणि शाळा बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी या प्रत्येकाच्या दारात कोण जाणार, त्याचं नाव.